यंत्राचें अवधान

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं नवी इस्तरी आली. तिचा प्लग हातांत घेऊन माझ्या नातीनें विचारलें, "आजोबा, ह्याला तीन पाय आहेत, मग हा वरचा एकच पाय लांब कां?" छत्तीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या मनुष्यास 'मला ठाऊक नाहीं' हे शब्द उच्चारणें फार जड जातें. "सायंकाळीं सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली, आणि सायंकाळीं चिरंजीव कचेरींतून परतल्यावर त्यांस एकीकडे बोलावून तोच प्रश्न विचारला. चिरंजीव अभियंता आहेत.

त्यांनीं सांगितलें तें असें. लांब पाय हा जमिनीचा. इस्तरीचें लोखंडी अंग त्या पायाच्या द्वारें भूमीशीं जोडलेलें असतें. पाय लांब असल्यामुळें प्लग भोंकांत शिरतांना प्रथम भूमीशीं संबंध जुळतो, आणि मग विजेच्या दोन पायांचा. प्लग उपसतांना नेमका उलट क्रम. वीज आधीं सुटते, भूमि शेवटीं. आंतील एखादी तार सुटून लोखंडास टेकलेली असली, तरी इस्तरीवर हात ठेवणाऱ्याच्या देहांतून जाण्याऐवजीं वीज तिच्यासाठीं आखून ठेवलेल्या वाटेनें जमिनींत जाते. शिवाय चांगल्या भोंकपेटींत विजेच्या दोन भोंकांवर आंतून लहान पडदे असतात आणि ते पडदे हा लांब पायच शिरतांना बाजूस सारतो. म्हणून पोरानें केसांचा आंकडा खुपसला तरी तो आंत जात नाहीं.

मला ह्या खुलाशांतील एक गोष्ट फार आवडली. प्लग कोणी घाईनें लावो, अंधारांत लावो, कीं मन दुसरीकडे ठेवून लावो, क्रम चुकत नाहीं. तो क्रम लावणाऱ्याच्या स्मरणांत ठेवलेला नसून पितळेच्या लांबींत ठेवलेला आहे. नातीस मीं हें सर्व सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें व ती खेळावयास गेली. मला मात्र त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं, कारण चाळीस वर्षांपूर्वींच्या एका मुलाचा हात माझ्या डोळ्यांपुढें आला.

नोकरीच्या प्रारंभीं मी घाटावरील एका खेडेगांवच्या शाळेवर होतों. माझ्या सातवीच्या वर्गांतील एका मुलाच्या उजव्या हाताचीं चार बोटें कडबाकुट्टीच्या यंत्रांत गेलीं. यंत्र विजेच्या मोटारीवर चालणारें होतें. वडील बाहेर गेलेले, गुरें हंबरत होतीं, म्हणून पोर एकटें वैरण कापावयास बसलें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत काय केलें, तें सांगावयास आज लाज वाटते. पण सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. मीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'अवधान' हा शब्द लिहिला. अव हा उपसर्ग, धा हा धातु, अशी त्याची फोड करून दाखविली, आणि अवधान सुटलें म्हणजे मनुष्याची काय दशा होते ह्यावर त्या मुलाचें उदाहरण देऊन अर्धा तास व्याख्यान झोडलें. मुलें स्तब्ध बसून ऐकत होतीं. मला वाटलें, आपला पाठ उत्तम वठला.

दोन महिन्यांनीं तो मुलगा शाळेंत परत आला. डाव्या हातानें लिहूं लागला. एके दिवशीं वही दाखवितांना, मीं कांहीं विचारलें नसतां, तो हळूच म्हणाला, "गुरुजी, माझं ध्यान होतं. पेंडीच्या आळ्यात बोट अडकलं, अन् रुळांनी पेंडी ओढली." माझें व्याख्यान त्याच्या कानीं गेलें होतें, हें उघड होतें. मी "बरें, बरें" म्हणालों आणि त्याची वही तपासूं लागलों.

ज्यांनीं थोडेंबहुत संस्कृत व्याकरण केलें आहे त्यांस कारकें ठाऊक असतीलच. 'मुलगा यंत्रानें कडबा कापतो' ह्या वाक्यांत मुलगा हा कर्ता आणि यंत्र हें करण. अपघात झाला कीं आपली सारी चौकशी कर्त्याभोंवतीं फिरते. करण बिचारें निर्जीव, त्याचा काय दोष, असें आपण धरून चालतों. परंतु बाण झाडास लागत नाहीं आणि यंत्र जमिनींतून उगवत नाहीं. कोणीतरी कागदावर रेघा ओढून ठरविलेलें असतें कीं रूळ येथें असावेत, पातें तेथें असावें, आणि घास घालणाऱ्याचा हात त्या दोहोंपासून इतक्या अंतरावर असावा. त्या कागदामागील कर्ता वाक्यांत दिसत नाहीं, एवढेंच.

ह्या अदृश्य कर्त्यास शोधूं लागल्यावर चिरंजीवांनीं मला जी पुस्तकें आणून दिलीं, त्यांत आयर्लंडांतील एका रेल्वे अपघाताची हकीकत वाचावयास मिळाली. ती येथें विस्तारानें देतों, कारण मी जें म्हणत आहें तें तिच्या इतकें स्पष्ट दुसऱ्या कशानेंही होणार नाहीं.

आर्मा नांवाच्या गांवीं १२ जून १८८९ रोजीं सकाळीं रविवारच्या धर्मशाळेंतील मुलें व त्यांचीं माणसें समुद्रकांठच्या वॉरनपॉइंट ह्या गांवीं सहलीस निघालीं. गाडीस पंधरा डबे, आणि आंत नऊशेंहून अधिक उतारू. तिकिटावांचून कोणी घुसूं नये म्हणून डब्यांच्या दारांस बाहेरून कुलपें लावलेलीं. गांव सोडतांच मोठा चढ लागतो. एंजिनाच्या मानानें गाडी जड झालेली. चढाचा माथा कांहीं शें हातांवर राहिला असतां एंजिन थकून उभें राहिलें. तेव्हां अधिकाऱ्यांनीं असें ठरविलें कीं गाडीचे दोन भाग करावे, पुढचे पांच डबे पुढील स्टेशनांत नेऊन ठेवावे, आणि मग मागील दहांसाठीं परत यावें.

आतां त्या गाडीचा ब्रेक कसा होता तें पाहावें. सर्व डब्यांखालून एक नळी गेलेली. एंजिनावरून त्या नळींतील हवा खेंचून घेतली, म्हणजे आंत निर्वातस्थिति होऊन ब्रेक आवळले जात. नळी अखंड असेपर्यंत ही योजना उत्तम चाले. परंतु डबे सोडविण्यासाठीं नळी तोडतांच तींत हवा शिरली आणि मागल्या दहाही डब्यांचे ब्रेक एका क्षणांत ढिले पडले. इतक्या माणसांना उतारावर धरून ठेवण्यास शेवटच्या डब्यांतील गार्डाचा हातब्रेक, आणि चाकांखालीं घातलेले कांहीं दगड, एवढेंच उरलें. एंजिन पुढें निघतांना किंचित् मागें सरकलें. त्या एका लहानशा धक्क्यानें दगडांचा चुरा झाला आणि दहा डबे गांवाच्या दिशेनें घरंगळूं लागले. त्याच मार्गावर मागून नेहमीची गाडी येत होती. कारण पुढली गाडी सुरक्षित पोंचल्याची वार्ता येण्याची वाट न पाहतां, केवळ मध्यें कांहीं मिनिटें जाऊं देऊन दुसरी गाडी सोडण्याची तेथें रीत होती. टक्कर झाली. ऐशीं माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. दारांस कुलपें असल्यामुळें उडी टाकण्याचीही सोय अनेकांना नव्हती.

गाडी तोडण्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला झाला व शेवटीं तो निर्दोष सुटला. त्यानें चूक केली ह्यांत शंका नाहीं. पण वाचकांनीं क्षणभर असा विचार करावा, कीं त्याच्या जागीं एखादा अत्यंत सावध मनुष्य असता, आणि चालत्या गाडीची नळी आपोआप फाटली असती, तर काय झालें असतें? तर तेंच. ज्या क्षणीं ब्रेकाची गरज सर्वांत अधिक, नेमका त्या क्षणीं नाहींसा होणारा ब्रेक त्या गाडीस बसविलेला होता.

दुसऱ्या प्रकारचा ब्रेक त्या वेळीं अस्तित्वांत नव्हता असें मुळींच नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यानें १८७२ सालींच त्याची योजना सिद्ध केली होती. तिच्यांतील युक्ति म्हणजे वाक्याचा अन्वय उलटा करण्यासारखी आहे. आधींच्या ब्रेकांत शक्ति लावली कीं ब्रेक आवळे. ह्याच्यांत शक्ति ब्रेकास दूर धरून ठेवते, आणि ती शक्ति कोणत्याही कारणानें नाहींशी झाली कीं ब्रेक आवळतो. नळी तुटो, डबा सुटो, एंजिन बंद पडो. परिणाम एकच, गाडी थांबते. वेस्टिंगहाउसनें दाबलेल्या हवेनें हें साधलें. दुसऱ्या कित्येकांनीं निर्वातस्थितीनेंच पण उलट बाजूनें साधलें. म्हणजे ज्ञान सतरा वर्षें उपलब्ध होतें. तें विकत घेण्यास पैसे पडतात, एवढीच अडचण होती. आर्माच्या अपघातानंतर तीन महिने भरण्यापूर्वीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें कायदा केला, आणि उतारूंच्या गाड्यांस असा स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला.

आपल्याकडील गाड्यांत पुष्कळ वर्षें हाच उलट अन्वयाचा निर्वात ब्रेक होता, आतां दाबलेल्या हवेचा आहे. डब्यांत 'संकटसमयीं साखळी ओढावी' अशी जी पाटी असते, ती साखळी ओढल्यानें ड्रायव्हरपाशीं घंटा वाजते आणि मग तो गाडी थांबवितो अशी माझी स्वतःची समजूत साठ वर्षें होती. तसें नाहीं. साखळीनें नळीचें एक तोंड उघडतें, इतकेंच. त्यामुळें नळींतील स्थिति बिघडते, आणि बिघडली म्हणजे ब्रेक लागावयाचा हा तर त्या यंत्राचा स्वभावच आहे. ड्रायव्हरास तें कळतें, पण कळण्यापूर्वीं ब्रेकानें काम आरंभिलेलें असतें.

एकदां ही किल्ली हातीं आली कीं कितीतरी कुलपें उघडतात. उंच इमारतींतील पाळण्याविषयीं लोक भीत असत, कीं दोर तुटला तर काय? एलिशा ओटिस ह्यानें १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत स्वतः पाळण्यावर उभें राहून वरचा दोर तोडविला, आणि पाळणा जागच्या जागीं अडकून राहिला. दोराचा ताणच एका कमानीस वांकवून धरीत होता. ताण जातांच कमान पसरली आणि तिचीं टोंकें दोन्ही बाजूंच्या दांत्यांत जाऊन रुतलीं. सिग्नलाचेंही तेंच. इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें १८७६ च्या जानेवारींत बर्फानें सिग्नलाचा हात 'ये' म्हणत तसाच गोठून राहिला, आणि एकामागून एक अशा तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या. तेथपासून तिकडे अशी रीत पडली, कीं सिग्नलाचा हात एरवीं 'थांब' असाच राहावा आणि गाडीपुरता 'ये' व्हावा.

आमच्या पुणें-मुंबई मार्गावरील बोरघाट वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेलाच असेल. १८६३ सालीं ही घाटवाट सुरू झाली; चढ इतका कीं सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरतांना खिडकींतून नीट पाहिलें तर मुख्य मार्गांतून फुटून डोंगराच्या अंगानें वर चढत जाणारा आणि कोठेंच न पोंचणारा असा एखादा रूळमार्ग दिसतो. मला लहानपणीं वाटे, हा अर्धवट टाकून दिलेला मार्ग असावा. तो पूर्ण आहे. खालीं येणारी गाडी ताब्याबाहेर गेली तर तिनें त्या चढावर जाऊन आपला वेग जिरवावा म्हणून तो मुद्दाम बांधलेला आहे. विशेष हें कीं तेथील सांधा एरवीं त्या चढाच्याच बाजूस लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनें आधीं थांबून दाखवावें, आणि मग तिला सरळ वाट मिळावी. गाडी आवरली असेलच असें गृहीत न धरतां, आवरली नसेल असें धरून सांधा लावलेला आहे. ज्या कोणीं हें प्रथम योजिलें तो माणसांविषयीं फार समंजस असला पाहिजे; त्यानें ड्रायव्हरास ना मूर्ख मानलें, ना देव.

माझ्या सारख्या उपदेशाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हें पटण्यास वेळ लागतो. आम्हांस वाटतें, पाटी लावली, ताकीद दिली, कीं काम झालें. चिरंजीव म्हणतात कीं त्यांच्या शास्त्रांत ह्याचा क्रम उलटा शिकवितात: धोकाच मुळांतून काढतां येतो काय तें आधीं पाहावें, न आल्यास मनुष्य आणि धोका ह्यांच्यामध्यें कांहीं घालावें, आणि पाटी ही अगदीं शेवटीं, दुसरें कांहींच सुचलें नाहीं म्हणून. शिवाय हें सर्व नकाशा कागदावर असतांनाच व्हावें. तेथें एक रेघ चार बोटें सरकविण्यास खोडरबर पुरतो. यंत्र ओतून झालें कीं तीच गोष्ट कारखानदारास परवडत नाहीं. मग मागाहून एक जाळी ठोकून देतात. ती जाळी कामाच्या आड येते, म्हणून कामगार ती काढून कोपऱ्यांत ठेवतो. आणि एके दिवशीं त्याचा हात गेला म्हणजे मालक त्या कोपऱ्याकडे बोट दाखवितो. मला तर वाटूं लागलें आहे, कीं जी जाळी काढल्यावर काम सोपें होतें, ती जाळी काढली जाणार हें नकाशा काढणाऱ्यानेंच ओळखावयास हवें होतें.

अर्थात् कोणत्याही युक्तीवर माणूस मात करूं शकतो, हेंही खरें. डेनिस पापिन ह्यानें १६७९ सालीं वाफेच्या दाबानें हाडें शिजविण्याचें भांडें लंडनच्या विद्वानांपुढें मांडलें, तेव्हां वाफ वाजवीपेक्षां वाढली तर निघून जावी म्हणून त्यावर वजनाचें झांकण बसविलें होतें. तेंच आपल्या कुकराची शिटी. तिची वाट कोंडली तर दुसरी एक लहान गुंडी असते, ती उष्णतेनें वितळून वाफेस वाट देते. आंतल्या झांकणाच्या कुकरांत तर वाफच झांकण आंतून घट्ट दाबून धरते. वाफ असेतों तें उघडणें माणसाच्या बळाबाहेरचें. इतकें असूनही वितळलेल्या गुंडीच्या जागीं भलताच स्क्रू बसवून देणारे दुरुस्तीवाले मीं पाहिले आहेत. गृहिणींनीं ह्या एका बाबतींत चार पैसे वांचवूं नयेत.

पुनः कडबाकुट्टीकडे येतों. गव्हाच्या मळणीचीं यंत्रें उत्तरेकडे शेतोशेतीं आलीं, तेव्हां त्यांत घास घालतांना मजुरांचे हात कोपरापर्यंत जाऊं लागले. तेथेंही प्रथम व्याख्यानेंच झालीं: मजूर झोंपेंत होता, त्याचें लक्ष नव्हतें. रात्रंदिवस चालणाऱ्या मळणींत झोंप येणारच, हें कोणीं ध्यानांत घेतलें नाहीं. पुढें १९८३ सालीं दिल्लीच्या संसदेनें धोकादायक यंत्रांविषयीं कायदा केला, आणि मळणीयंत्रास तो लागू झाला. भारतीय मानकांत यंत्राच्या तोंडाशीं असलेल्या पन्हळीचें माप सांगितलें आहे: लांबी निदान ९० सेंटिमीटर, आणि तींतील निदान ४५ सेंटिमीटर वरून झांकलेली. ह्या दोन आंकड्यांत मजुराच्या सावधपणाविषयीं एक अक्षर नाहीं. मनुष्याचा हात किती लांब असतो, एवढाच विचार आहे. झोंपलेल्या मनुष्याचा हातही जाग्या मनुष्याच्या हाताइतकाच लांब असतो. कडबाकुट्टीसंबंधींही दिल्लीच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनीं खेडोपाडीं जाऊन अभ्यास केला आणि सोपे उपाय सुचविले: रुळांच्या आधीं बोटांस लागून सावध करणारा एक जास्तीचा रूळ, पात्यावर आच्छादन, आणि यंत्र रिकामें असतांना पोरांनीं चाक फिरवूं नये म्हणून चाकास खीळ.

हें सर्व वाचून झाल्यावर गेल्या पौषांत मी त्या जुन्या गांवीं गेलों. तो मुलगा आतां पन्नाशी उलटलेला गृहस्थ आहे. बागाईत आहे, दारीं सहा जनावरें आहेत. त्यानें वांकून नमस्कार केला, तेव्हां उजव्या हाताचा अंगठा तेवढा माझ्या पायास लागला. गोठ्यांत यंत्र होतें. बाजारीच यंत्र, पण त्याच्या तोंडास जाड पत्र्याची लांब, वरून बंद अशी पन्हळ जोडलेली. गांवच्या लोहाराकडून ती त्यानें फार वर्षांपूर्वीं करून घेतली होती. कायद्याची वा मानकाची वार्ता त्याला नव्हती.

"माप कुठलं धरलंस?" मीं विचारलें.

"थोरल्या भावाचा हात आमच्या घरांत सगळ्यांत लांब," तो म्हणाला. "त्याला पत्र्यावर हात ठेवायला लावला. खांद्यापासून बोटांपर्यंत. वर एक वीत धरली."

"पण त्यामुळें घास सारणं अवघड होत नाहीं? गडी पत्रा काढून ठेवत नाहींत?"

"काढता येत नाही, गुरुजी. डाकच मारून टाकलाय. अन् सारायला हे आहे." त्यानें कोपऱ्यांतील एक लांकडी दांडा उचलून दाखविला. टोंकास आडवी फळी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

मीं त्या दिवशींच्या तासाविषयीं, फळ्यावरील त्या शब्दाविषयीं बोलावयास आरंभ केला. त्यानें मला पुरतें बोलूं दिलें नाहीं. सून चहा घेऊन आली होती. तिच्या हातांतील बशी स्वतः घेऊन त्यानें ती माझ्यापुढें ठेवली, आणि साखर चालते कीं नाहीं तें विचारलें.